पैसे न भरता पहिला कथासंग्रह : लागलेला वेळ, झालेला खर्च

२०२४ च्या जानेवारीत माझा पहिला कथासंग्रह आला. तेव्हापासून कथा लिहिणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी लोकांकडून मला जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, तो कथांबद्दलचा नाही. ‘किती भरावे लागले?’ हा आहे. पहिलं पुस्तक म्हणजे लेखकाने पैसे द्यायचे, हे आता इतकं गृहीत धरलं जातं की ‘काहीच नाही’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, एकतर ही खोटं बोलतेय नाहीतर हिची कुठेतरी ओळख असणार. यातलं काहीच नाही. पैसे भरले नाहीत, पण वेळ भरपूर गेला, आणि किरकोळ किरकोळ म्हणत खर्चही बऱ्यापैकी झाला. तो सगळा हिशेब तारखांसकट मांडून ठेवते. पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. जाहिरात करायची नाही, आणि ज्यांनी नकार दिले त्यांच्याशी भांडायचंही नाही.

सुरुवात दिवाळी अंकांपासून करावी लागेल. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे, आणि आजही मराठीत नव्या कथाकाराला छापून यायचं असेल तर हाच मोठा दरवाजा. वर्षभर कथा छापणारी मासिकं फार उरलेली नाहीत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. तिथले संपादक कथा परत करताना ती का परत करतोय हे सविस्तर लिहून कळवायचे, हे आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की पहिली कथा पाठवल्यावर आपणही तशा पत्राची वाट बघत बसतो. बसू नये. आता बहुतेक वेळा पोचही येत नाही.

माझी पहिली कथा २०१५ च्या एका दिवाळी अंकात आली. पुढची सहा-सात वर्षं मी दरवर्षी दोन-तीन कथा पाठवत राहिले, त्यातल्या काही छापून आल्या. अनुभवाने कळलेल्या गोष्टी सांगते. कथा मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पाठवावी. ऑगस्टमध्ये अंकाची पानं लागायला लागतात, तेव्हा आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षावर जाते. मजकूर युनिकोडमध्ये वर्ड फाइलमध्ये द्यावा, नुसती पीडीएफ देऊ नये. ईमेलमध्ये शब्दसंख्या लिहावी. चार हजार शब्दांच्या वर गेलात तर संपादक आधी आकडा बघतो, मग कथा. कथेच्या शेवटी नाव, पत्ता, फोन आणि बँकेचा तपशील टाकावा. ऑगस्टच्या सुमारास एकदाच फोन करून विचारायला हरकत नाही. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नये. मराठीतलं हे जग लहान आहे, आणि दोन्हीकडे छापून आली तर दोन्हीकडची दारं बंद होतात.

मानधन मला पाचशेपासून दोन हजारांपर्यंत मिळालं. काही ठिकाणी फक्त अंक मिळाला. एका अंकाचा चेक मार्चमध्ये आला होता, त्यामुळे त्या कथेचा आनंद एकदा दिवाळीत आणि एकदा होळीत असा दोनदा झाला.

पहिल्या वर्षीच मी एक वही घातली : कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठे पाठवली, कधी, छापली का, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर. मला वाटलं होतं स्वतःच्या समाधानासाठी घालतेय. पुढे संग्रहात ‘पूर्वप्रसिद्धी’चं पान करताना ही वही अक्षरशः ओळीने उतरवून काढली. दिवाळी अंकाला कथा दिली म्हणजे तिचे हक्कही गेले अशी भीती बऱ्याच जणांना असते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ नुसार लेखक हाच पहिला हक्कधारक. तुम्ही त्या अंकाचे नोकर नसाल आणि हक्क लिहून दिले नसतील तर कथा तुमचीच. तरीही संग्रह काढताना संपादकांना कळवणं आणि पुस्तकात त्यांचे आभार मानणं ही रीत आहे, ती पाळावी.

२०२१ ची दिवाळी झाल्यावर ठरवलं की आता संग्रह करायचा. तोवर छापलेल्या आणि न छापलेल्या मिळून वीसेक कथा झाल्या होत्या. सगळ्या एका फाइलमध्ये ओळीने लावल्या आणि मोजल्या तर सत्तर हजार शब्द. डेमी, म्हणजे पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात, म्हणजे अडीचशे पानं होणार. पहिल्या संग्रहाला एवढी जाडी कोणी घेत नाही, हे मला दोघा-तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मी पंधरा कथा ठेवल्या, पन्नास हजार शब्दांवर आणलं आणि जानेवारी २०२२ मध्ये प्रकाशकांना लिहायला लागले.

लिहायचं म्हणजे काय, हेही सांगते. पूर्ण हस्तलिखित आधी पाठवायचं नाही. अर्ध्या पानाचं पत्र, त्यात स्वतःबद्दल चार ओळी, कथा कुठे कुठे आल्या ते, आणि सोबत दोन कथा. एक छापून आलेली, एक नवी. ज्यांच्याकडून गेल्या तीन-चार वर्षांत कथासंग्रह निघालेत अशाच प्रकाशकांची नावं मी ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभं राहून उतरवून घेतली होती. हे काम घरी बसून इंटरनेटवर होत नाही. कपाटातली पुस्तकं उघडून बघितली की कोणाची छपाई कशी, कोण मुद्रितशोधनाला, म्हणजे प्रुफं तपासायला, किती जागं, हे लगेच कळतं.

उत्तरं यायला दोन ते सहा महिने लागले, काही आलीच नाहीत. आलेल्यांत तीन सूर होते. पहिला : ‘कथासंग्रह चालत नाही, कादंबरी असेल तर दाखवा.’ हे इतक्या जणांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग आठवलं की साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार २०१२ मध्ये जयंत पवार, २०१६ मध्ये आसाराम लोमटे आणि २०२१ मध्ये किरण गुरव यांना मिळाला तो तिघांनाही कथासंग्रहांसाठीच. पुरस्कार आणि खप यांचा संबंध नसतो हे मान्य. पण कथा हा कादंबरीआधीचा सराव आहे असा जो एक भाव त्या उत्तरांत असायचा, तो मला तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही.

दुसरा सूर : ‘यंदाचं नियोजन पूर्ण झालंय.’ याचा अर्थ ‘नाही’. पण सभ्य ‘नाही’.

तिसरा सूर पैशांचा. एका ठिकाणाहून सविस्तर पत्रकच आलं : ३०० प्रती, लेखकाने ४८ हजार रुपये भरायचे, त्यातल्या १०० प्रती लेखकाला मिळणार, उरलेल्या प्रकाशक विकणार. आमच्या सोलापुरात ओळखीच्या छापखान्यात जाऊन मी त्याच पुस्तकाचा भाव काढला. डेमी, १६० पानं, आतला कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), रंगीत मुखपृष्ठ, लॅमिनेशन आणि बांधणी धरून प्रतीला ८२ रुपये, म्हणजे ३०० प्रतींचे २४,६००. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन पानाला ४० प्रमाणे ६,४००. मुखपृष्ठाचे चार हजार. एकूण ३५ हजार. म्हणजे एकही प्रत विकली न जाता १३ हजार रुपये नफा प्रकाशकाच्या हातात, आणि वर २०० प्रतीही त्याच्याच.

लबाडी म्हणून मी याकडे बघत नाही. पत्रकात सगळं उघड लिहिलेलं होतं. पण ज्याचा नफा पुस्तक छापण्याआधीच झालाय तो ते विकायला कशाला धडपडेल? पुस्तकात ज्याचा पैसा अडकलेला असतो तोच ते दुकानात आणि ग्रंथालयात पोहोचवतो. माझा पैसा अडकला असता तर विकण्याचं काम माझ्यावर आलं असतं, आणि मी शाळेत शिकवते, पुस्तकं विकत नाही. एवढ्याच कारणासाठी पैसे भरायचे नाहीत असं ठरवलं. ज्यांना स्वतः विकायची हौस आणि हिंमत आहे त्यांनी सरळ स्वतःच प्रकाशक व्हावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, तो लेखकालाही मिळतो, आणि त्याला फी नाही. ‘आयएसबीएनचे पाच हजार वेगळे’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं.

२०२२ असंच गेलं. त्या वर्षी मी एकही नवी कथा लिहिली नाही. दर आठवड्याला ईमेल उघडायचं, नसलेलं उत्तर बघायचं, आणि जुन्या कथांत एखादा शब्द बदलायचा. या काळात कथा सुधारत नाहीत, नुसत्या गुळगुळीत होतात.

जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेसाठी हस्तलिखित पाठवलं. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे; हस्तलिखित तज्ज्ञांकडे वाचायला जातं आणि निवडलं गेलं तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. ‘अनुदान दिले असले तरी लेखकाच्या विचारांशी मंडळ सहमत असेलच असे नाही’ अशी ओळ अनेक पहिल्या पुस्तकांत असते, ती यातूनच आलेली. कविता, कथा, कादंबरी, नाटक असे गट असतात, प्रत्येकाची पानांची मर्यादा असते. जाहिरात नीट वाचावी, कारण अटी दर वर्षी त्याच असतील असं नाही. मी प्रत काढून, पानांना क्रमांक घालून, स्पायरल बांधणी करून, पोचपावतीसह पाठवलं. प्रती आणि टपाल मिळून हजाराच्या आत खर्च आला. निर्णय यायच्या आधीच मला प्रकाशक मिळाला, म्हणून मी पत्र लिहून अर्ज मागे घेतला. पण ही वाट खुली आहे, आणि पैसे भरण्याआधी प्रत्येकाने ती बघावी.

प्रकाशक मिळाला तो असा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेतून फोन आला. बोलणाऱ्या बाई तिथल्या संपादक. मी वर्षभरापूर्वी पाठवलेल्या दोन कथा त्यांनी आत्ता वाचल्या होत्या. ‘उशीर झाला, पण वाचल्याशिवाय उत्तर देत नाही आम्ही,’ म्हणाल्या. सगळ्या कथा मागितल्या. दीड महिन्यानंतर त्यांचं पत्र आलं, छापील दोन पानांचं. संग्रह घेऊ शकतो, पैसे भरायचे नाहीत, पण पंधरापैकी चार कथा काढाव्या लागतील. कोणत्या आणि का, हे प्रत्येकीबद्दल चार-पाच ओळीत लिहिलं होतं.

त्या चारांत माझी सगळ्यात गाजलेली कथा होती. गाजलेली म्हणजे माझ्या मापाने : दिवाळी अंकात आल्यावर वीस-पंचवीस फोन आले होते. बाईंचं म्हणणं असं की ती कथा एका बातमीवर उभी आहे, आणि बातमी लोक विसरले की कथेखालची जमीन जाते. मी आठवडाभर चिडून होते. जूनमध्ये पुण्याला जाऊन भेटले, त्या कथेसाठी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला ठेवायचीच असेल तर ठेवू या. पुस्तक तुमचं आहे. फक्त मला सांगा, ही कथा सहाव्या क्रमांकावर आली तर वाचक सातवी वाचेल का?’ मी कथा काढली. काढायला नको होती असं अजूनही अधूनमधून वाटतं.

दुसऱ्या एका कथेवर आम्ही दीड-दोन तास बसलो. गिरणी बंद झाल्यावर विडीच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागलेल्या माणसाची कथा. त्याचा मुलगा शेवटी घरी येतो, बाप जुन्या वहीत आकडे मांडत बसलेला असतो, आणि त्यानंतर मी एक परिच्छेद लिहिला होता, त्या वहीत काय काय हरवलेलं आहे याबद्दल. बाईंनी पेन्सिलीने त्या परिच्छेदाभोवती चौकट काढली. ‘मुलगा दारात उभा आहे आणि बाप त्याला “वीस अधिक सतरा किती रे?” विचारतो, इथे कथा संपली. याच्या पुढे तुम्ही बोलताय.’ मी म्हटलं, वाचकाला नाही कळलं तर? ‘दोघाचौघांना नाही कळणार. चालेल की.’ त्यानंतर घरी येऊन मी उरलेल्या अकराही कथांचे शेवटचे परिच्छेद झाकून वाचले. निम्म्या कथांचे काढून टाकता आले.

एवढ्या वर्षांत माझ्या कथांवर कोणी असं काम केलं नव्हतं, आणि पैसे भरून पुस्तक काढलं असतं तर झालंही नसतं. ४८ हजार घेणाऱ्याला माझा परिच्छेद काढायची गरजच काय?

करार सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झालाय.) पहिला मसुदा आला त्यात ‘सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं कलम होतं. मी ते घेऊन एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून दाखवलं. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो संपतो. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे, पण ‘कायमस्वरूपी’ असं लिहून खाली सही केली की कायदा तरी काय करणार.

मला वाटलं होतं बदल सुचवले तर प्रकाशक पुस्तकच नको म्हणेल. तसं काही झालं नाही. ‘तो आमचा जुना नमुना आहे, बदलू या,’ एवढंच उत्तर आलं. शेवटी असं ठरलं : फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क, पाच वर्षांसाठी. अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, नाटक, चित्रपट माझ्याकडे. मानधन छापील किमतीच्या १० टक्के, विकल्या गेलेल्या प्रतींवर, वर्षातून एकदा ३१ मार्चचा हिशेब. लेखकाला १५ प्रती मोफत, पुढच्या ४० टक्के सवलतीने, पण त्यांवर मानधन नाही. पहिली आवृत्ती ३०० प्रती. आवृत्ती किती प्रतींची हे करारात लिहून घ्याच, नाहीतर ‘दुसरी आवृत्ती’ या शब्दांना काही अर्थ राहत नाही.

कॉपीराइट नोंदणी मी केली नाही. ती सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ज्यांना पुराव्यासाठी हवी असेल त्यांनी करावी, साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे.

ऑक्टोबरमध्ये अक्षरजुळणी सुरू झाली आणि मला वाटलं आता माझं काम संपलं. उलट सगळ्यात कंटाळवाणं काम तिथून पुढे होतं. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना काही अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘गोऱ्हा’चं काहीतरी तिसरंच, आणि अवतरणचिन्हं उलटी. पहिल्या मुद्रितात प्रत्येक पानावर अशी दोन-चार ठिकाणं. मी पानावर पट्टी ठेवून ओळ-ओळ वाचली. स्वतःची कथा माहीत असते, त्यामुळे डोळा चुकीवरून सरळ पुढे जातो. उपाय म्हणून नवऱ्याला मूळ प्रत मोठ्याने वाचायला लावली आणि मी मुद्रित बघत गेले. संसारात याहून मोठी परीक्षा फारशी नसेल.

दुसरा प्रश्न बोलीचा. निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण माणसं सोलापूरची; ती ‘काय करायलास बे’ म्हणतात. मुद्रितशोधक अनुभवी गृहस्थ होते, त्यांनी प्रामाणिकपणे सगळीकडे ‘करतोस’ केलं. ‘हितं’चं ‘इथं’ केलं. निवेदनात ‘केलं, गेलं’ ठेवायचं की ‘केले, गेले’ यावर वेगळी चर्चा. साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये चार वाढले. पात्रांच्या तोंडी बोलीतली रूपं त्यांना मान्य आहेत हे मी दाखवून दिलं तेव्हा गृहस्थ खुश झाले. ‘मग एक यादी करून द्या, म्हणजे सगळ्या पुस्तकात सारखं राहील,’ म्हणाले. ही यादी आधीच करून द्यायला हवी असं आता मी प्रत्येकाला सांगते : आपले बोलीतले शब्द, त्यांचं ठरलेलं लेखन, एका कागदावर, हस्तलिखिताबरोबर. तीन मुद्रितं झाली. अंतिम मुद्रितावर सही केली की पुढच्या चुका आपल्या.

मग पानांचं गणित. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझं भरलं १६४ पानं. म्हणजे एकतर १६० वर आणा, नाहीतर १७६ ची छपाई मोजा आणि बारा पानं कोरी ठेवा. मी सहा पानांचं मनोगत लिहिलं होतं, ते दोन पानांचं केलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

मुखपृष्ठ प्रकाशकाने करून घेतलं, मला तीन नमुने दाखवले, एक ठरलं. मलपृष्ठावर स्वतःचा फोटो नको म्हटलं, तेही मान्य झालं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुस्तक छपाईला तयार होतं, आणि इथे बाईंनी एक गोष्ट सांगितली जी मला कधीच सुचली नसती. ‘पहिली आवृत्ती’ समोर डिसेंबर २०२३ न छापता जानेवारी २०२४ छापायचं. बरेचसे पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. डिसेंबर छापलं की दहा दिवसांत पुस्तक ‘गेल्या वर्षीचं’ होतं आणि ते वर्ष तिथेच संपतं. पुस्तकातल्या या तारखेने मराठीत मोठा घोळ झालेला आहे : जी. ए. कुलकर्णींना १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ‘काजळमाया’ या त्यांच्या पुरस्कार मिळालेल्या कथासंग्रहाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद उठला आणि त्यांनी पुरस्कार परत केला. आमच्या बाबतीत तारीख खरीही ठरली, कारण पुस्तक हातात आलं तेच जानेवारीच्या शेवटी. किंमत २५० रुपये.

प्रकाशन समारंभ केला नाही. गावातल्या वाचनालयात एका रविवारी तीन कथा वाचल्या, सभागृह आणि चहा मिळून २,८०० रुपये लागले, चाळीसेक लोक आले.

प्रकाशकाने पुढे काय केलं ते विचारून घेतलं, कारण हे लेखकाला दिसत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते; त्या पाठवल्या. वर्तमानपत्रांना अभिप्रायासाठी प्रती गेल्या. ग्रंथालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या वितरकांकडे गठ्ठे गेले. विक्रीतला मोठा वाटा ग्रंथालयांचाच निघाला. दुकानातून कमी, आणि ओळखीच्यांकडून त्याहून कमी. ओळखीच्यांना भेट हवी असते.

दोन परीक्षणं आली. एकात कथांची नावं बरोबर होती.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी प्रती दिल्या. पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार असतात, लघुकथेचा ग. ल. ठोकळ यांच्या नावाने आहे. प्रवेशिका लेखकही भरू शकतो, प्रकाशकावर अवलंबून राहू नका. जाहिरात साधारण डिसेंबरअखेर येते आणि मुदत जानेवारीपर्यंतच असते, त्यामुळे दोन प्रती आधीच बाजूला काढून ठेवलेल्या बऱ्या.

आता पैशांचा अंतिम हिशेब. ३१ मार्च २०२५ पर्यंत १७४ प्रती विकल्या गेल्या. प्रतीला २५ रुपये प्रमाणे ४,३५० रुपये खात्यात आले, विक्रीच्या तपशिलासकट. आयकराची जुनी पद्धत घेतली तर पुस्तकांच्या मानधनावर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते असं कळलं. माझी मर्यादा अजून ओलांडलेली नाही. सवलतीने ४० प्रती घेतल्या, त्यांचे ६,००० रुपये. त्यातल्या २२ मी दोनशे रुपयांना दिल्या, ४,४०० आले, बाकीच्या भेट गेल्या. झेरॉक्स आणि बांधणी १,४००, टपाल-कुरिअर १,९००, पुण्याच्या फेऱ्या ३,६००, वाचनाचा कार्यक्रम वर सांगितलाच. सगळा खर्च १५,७००, सगळी आवक ८,७५०. म्हणजे पैसे न भरताही ६,९५० रुपये वजा. दिवाळी अंकांचं मानधन यात धरलेलं नाही. ते धरलं तर जेमतेम जमा होईल, आणि मग तासांचा हिशेब कोणीतरी काढेल.

एक हिंदी अनुवादक तीन कथा मागतायत. अनुवादाचे हक्क माझ्याकडे असल्यामुळे मला कोणाला विचारावं लागलं नाही. प्रकाशकाला फक्त कळवलं. एका ऑडिओ संस्थेनेही विचारलं होतं, त्यांच्या करारात पुन्हा तेच ‘कायमस्वरूपी’ होतं. बदल सुचवून मसुदा परत पाठवलाय, अजून उत्तर नाही. छापील आवृत्तीचा करार सप्टेंबर २०२८ मध्ये संपतो, त्याची नोंद वहीत करून ठेवली आहे. त्याच वहीच्या पुढच्या पानावर यंदाच्या दिवाळीला पाठवलेल्या दोन कथा आहेत, त्यातल्या एकीची पोच आलीय.